क्रूझवर पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट: कोणती रात्र धरावी?

नवी पेठकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना सोलापूरहून सिंगापूरच्या क्रूझवर नेतोय. सोबत मी आणि बायको. चार रात्रींची फेरी आहे. सोमवारी दुपारी जहाजावर चढायचं, संध्याकाळी ५ ला जहाज सुटतं. मंगळवारी मलेशियातलं पेनांग, दुपारी २ ते रात्री १०. बुधवारी थायलंडमधलं फुकेत, सकाळी १० ते संध्याकाळी ७. गुरुवार अख्खा समुद्रात आणि शुक्रवारी सकाळी सिंगापूरला परत.

रोजचं जेवण तिकिटात आहेच. त्याशिवाय वेगळे पैसे देऊन जेवायची तीन रेस्टॉरंटं जहाजावर आहेत: एक इटालियन, एक स्टेकचं आणि एक जपानी, जिथं आपल्यासमोर तव्यावर करून वाढतात. चौघांचा खर्च धरला तर एकच रात्र परवडते, म्हणून ती नीट निवडायची आहे.

बाबांनी आयुष्यभर दुकान सांभाळलं. रात्री ९ ला दुकान वाढवायचे आणि घरी येऊन साडेनऊ-दहाला जेवायचे. आता दुकान मी बघतो, पण त्यांची जेवायची वेळ तीच आहे. निवांत बसवून, काय हवं ते विचारून, एकेक पदार्थ कुणी आणून वाढतंय असं जेवण त्यांच्या वाट्याला आलेलं नाही. आईचं तर विचारूच नका, ती कायम वाढणाऱ्यांत. ते जेवण मला दोघांना द्यायचं आहे.

गुरुवारी त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. पण तो मार्गशीर्षातला गुरुवार आहे. आईचा उपवास असतो, आणि बाबा सोमवार-गुरुवार मटण-मासे खात नाहीत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. इंटरनेटवर जो तो पहिली रात्र घ्या म्हणतो, गर्दी नसते, सूट मिळते. सोमवार घेऊ की गुरुवार? आणि किती वाजताचं?

होटगी रोड

आम्ही दोघं मुंबई-गोवा क्रूझला गेलो तेव्हा पहिल्याच रात्री घेतलं होतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पिअर जवळच आहे. दुपारी जहाजावर चढलो तर रेस्टॉरंटच्या दारातच बुकिंग घेत होते, त्या रात्रीपुरती सूट होती. आत निम्मी टेबलं रिकामी. वेटरला आमच्याशी बोलायला वेळ होता, प्रत्येक पदार्थात काय आहे ते त्यानं समजावून सांगितलं. पुढच्या रात्री मग मोकळ्या राहिल्या. माझं मत सोमवारला.

जुळे सोलापूरचे काका

नवी पेठकर, तुम्ही सोमवार की गुरुवार विचारलंत. मी म्हणेन बुधवार, रात्री साडेआठ. मी जहाजांवरच्या रेस्टॉरंटांत नोकरी केली आहे, आधी असिस्टंट वेटर, मग वेटर, शेवटी हेड वेटर. त्यामुळे हे सगळं मी वाढणाऱ्याच्या जागेवरून पाहिलंय.

होटगी रोडवाल्यांचा अनुभव खरा आहे. पहिल्या रात्री प्रवाशांचं लक्ष जेवणात नसतं. बॅग खोलीत आली का, सेफ्टी ड्रिल कधी, जहाज कुठून कुठपर्यंत आहे, हेच चाललेलं असतं. बहुतेक जण बुफेत उरकतात. टेबलं रिकामी राहू नयेत म्हणून सूट देतात. रात्रभर बर्थवर झोपून मुंबईला उतरलेल्या जोडप्याला ती रात्र उत्तम. पण तुम्ही हैदराबादहून जा नाहीतर मुंबईहून, सिंगापूरचं विमान बहुधा रात्रीचं असतं. आधी सोलापूरपासून विमानतळापर्यंतचा प्रवास, मग विमानात बसल्या बसल्या लागेल ती झोप, मग बंदरावरची रांग. त्या दिवशी सत्तरीकडे झुकलेल्या माणसांना दोन तास ताठ बसवून जेवू घालायचं? मी हे फार पाहिलंय हो. मुलं हौसेनं घेऊन येतात, आणि आई दुसऱ्या पदार्थालाच म्हणते, बाळा, माझं झालं. स्वयंपाक उत्तम असतो, झोप आलेल्या माणसाला त्याची चव लागत नाही. आणि तुमच्याकडे तर सोमवारी बाबांचं बंधन आहे.

आता घड्याळ बघा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथं संध्याकाळचे ६ म्हणजे सोलापुरात दुपारचे साडेतीन. ऑनलाइन बुकिंग उघडलं की सहा-साडेसहाची वेळ पटकन दिसते आणि लोक तीच घेतात. साडेनऊला जेवणाऱ्या माणसाला साडेतीनला ताटावर बसवलं तर तो तुमच्या मनासाठी चार घास खाईल, पण भुकेनं नाही. साडेआठ म्हणजे आपले सहा. बुधवारपर्यंत शरीर थोडं तिथल्या वेळेवर आलेलं असतं, तेव्हा ते जमतं.

साडेआठमागं आणखी एक कारण आहे. मुख्य डायनिंग हॉलमध्ये शेकडो माणसांचं एकाच वेळी वाढायचं असतं, म्हणून बरंचसं आधी तयार ठेवावं लागतं. खास रेस्टॉरंटची गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, लहान, तिथं ऑर्डर आली की करायला घेतात. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते यासाठी. साडेसहा ते साडेसात सगळी टेबलं एकदम भरतात, तेव्हा कितीही चांगला कुक असला तरी त्याचा हात घाईचा होतो. साडेआठला पहिली पंगत उठलेली असते. तुमच्या मागं टेबलाची वाट बघत कुणी थांबलेलं नसतं. वेटरकडे दोन टेबलं कमी असतात. आई-बाबांना जे द्यायचं म्हणता, विचारून वाढणं, ते याच वेळेला नीट मिळतं. मी स्वतः माझ्या माणसांना कायम ही वेळ सांगत आलो.

मंगळवारी मात्र काही घेऊ नका. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, ते थेट जॉर्जटाउन शहरातच आहे. २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या पेढ्या, दुकानांपुढचे छपराचे व्हरांडे, बाबांचे डोळे तिथं रमतील. धक्क्यापासून चालत थोड्याच मिनिटांवर लिटिल इंडिया आहे, आईला दक्षिणी पद्धतीचं शाकाहारी जेवण तिथं मिळेल. जहाज रात्री १० पर्यंत उभं आहे, तर संध्याकाळ शहराला द्या.

फुकेतला मोठी जहाजं बरेचदा किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतात आणि लहान बोटींनी ने-आण करतात. जहाज ७ ला सुटणार म्हणजे शेवटची बोट त्याच्या बरीच आधी, आणि शेवटच्या दोन तासांत धक्क्यावर मोठी रांग. म्हणून तीन-साडेतीनलाच परत फिरा. अंघोळ, चहा, दोन तास पडणं, मग जेवण. एक नीट लक्षात ठेवा: थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागं आहे. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो, जहाज मात्र आपली वेळ पाळतं. बोटीची वेळ आणि टेबलाची वेळ, दोन्ही जहाजाच्या घड्याळानं. बाबांच्या मनगटावर घड्याळ असेल तर सोमवारीच ते जहाजाच्या वेळेवर लावा आणि चौघांनी त्यावरच चाला.

राहिला गुरुवार. ज्यांचं आज-उद्या करत राहिलं ते सगळे शेवटच्या रात्री येतात, त्यामुळं खास रेस्टॉरंट भरलेलं असतं. शिवाय मोठ्या बॅगा भरून झोपायच्या आधी खोलीबाहेर ठेवायच्या असतात, मन तिकडं लागतं. समुद्रातल्या दिवशी बऱ्याच जहाजांवर दुपारचं जेवणही मिळतं आणि ते रात्रीपेक्षा स्वस्त असतं. एरवी मी तुम्हाला तेच सुचवलं असतं, पण आईचा उपवास आहे, विषय संपला. नटूनथटून जेवायची रात्र बहुधा समुद्रातल्या दिवशी ठेवतात, आणि त्या रात्री मुख्य हॉलचा मेनू इतर दिवसांपेक्षा चांगला असतो. वर्षगाठ तिथं करा. सोमवारी पहिल्या जेवणालाच हेड वेटरला सांगून ठेवा की गुरुवारी ४० वर्षं होतात आणि केक बिनअंड्याचा हवा. आदल्या दिवशी सांगितलं तर धावपळ होते, तीन दिवस आधी सांगितलं तर तो मनापासून करतो.

पैशाचं थोडक्यात. घरूनच बुक करा, जहाजावर चढल्यावर दर बहुधा जास्त असतो. दिसणाऱ्या दरावर बऱ्याच कंपन्या १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, तो धरून हिशेब करा. रद्द करायची मुदत बुकिंगच्या अटींत वाचून ठेवा. साधारण एक दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात, न सांगता गेलाच नाहीत तर मिळत नाहीत.

बाळीवेस वहिनी

काकांनी फार छान सांगितलं. मी सासूबाईंना घेऊन अशाच फेरीला गेले होते, म्हणून आईंच्या ताटाचं लिहिते.

जपानी तव्यावर सगळ्यांचं एकत्र होतं. त्याच तव्यावर कोळंबी, त्याच उलथन्यानं भाजी. आईंना ते समोर दिसणार, आणि घास उतरणार नाही. वेगळं करून आणा म्हणता येतं, पण मग ती एकटीच वेगळी बसल्यासारखी होते. शिवाय त्यांच्या रस्स्यांत माशाचा अर्क असतो, भाजीच्या सूपमध्येसुद्धा. इटालियनमध्ये ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या पास्त्यात बहुधा नसतं, हे विचारून घ्या. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं करतात, त्यामुळं आई काटेकोर असतील तर ते वरून भुरभुरू नका म्हणून सांगायचं. आधी लिहून दिलं असेल तर सगळं नीट होतं. आम्ही कंपनीला महिनाभर आधी मेल केला होता. आदल्या रात्री हेड वेटर स्वतः मेनू घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि सासूबाईंना विचारून पदार्थ ठरवले. त्यांना त्याचं इतकं कौतुक वाटलं!

गुरुवारच्या पूजेचं: जहाजावर निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीच लावता येत नाही, आगीचा नियम कडक असतो. बॅटरीचा दिवा न्या. महालक्ष्मीचा फोटो, कहाणीचं पुस्तक, हळदी-कुंकू, एवढ्यावर खोलीत शांतपणे पूजा होते. उपवासाला साबुदाणा मिळायचा नाही. बुफेत फळं, दूध, दही असतं. राजगिऱ्याचे लाडू पॅकबंद घेऊन जा. संध्याकाळी नैवेद्य दाखवून उपवास सोडायचा आणि मग सगळ्यांबरोबर हॉलमध्ये जेवायला बसायचं. जेवणाची बैठक उशिराची निवडा, म्हणजे आईंना पूजेला घाई होणार नाही.

पण माझ्या मते एकदा आईंनाच विचारा. व्रत त्यांचं, लग्नाचा वाढदिवसही त्यांचा.

नवी पेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅगा आणि घड्याळाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. वहिनी, आत्ता आईला विचारलं. ती म्हणाली, गुरुवारी मी उपवास सोडून चारचौघांत साधं जेवेन, ते हॉटेल तुमच्या बाबांना आवडतं त्या दिवशी घे. म्हणजे बुधवारच. बाबांना काही सांगितलेलं नाही.

काका, मग इटालियन नक्की करू ना? बायको म्हणते तव्याचा खेळ बाबांना आवडेल. आणि खिडकीचं टेबल मागू का, समुद्र दिसेल असं?

जुळे सोलापूरचे काका

इटालियनच घ्या. तव्याभोवती अनोळखी माणसांना शेजारी बसवतात, सगळ्यांचं एकदम सुरू होतं आणि एकदम संपतं. कुकच्या टाळ्या-आवाजात बोलणं होत नाही. तरुणांना मजा येते, पण तुम्हाला आई-बाबांशी बोलत जेवायचं आहे. सूनबाईंना सांगा, तो खेळ दारातून उभ्या उभ्या बघता येतो, बाबांना आधी तिथं फिरवून आणा.

खिडकीसाठी अडू नका. डिसेंबरात तिकडं जहाजाच्या घड्याळानं सव्वासातच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेआठला काचेत आपलेच चेहरे दिसतात. सूर्यास्त साडेसहापासूनच डेकवर बसून बघा, त्याला पैसे पडत नाहीत, तेव्हा जहाज नुकतंच फुकेतहून सुटायच्या बेतात असेल. टेबल मागायचं ते गॅलीच्या दारापासून लांब, भिंतीकडेचं, पाठीला गादी असलेलं. वयस्कर माणसं दोन तास बसायची तर पाठ टेकायला हवी. एसी जोरात असतो, आईंना शाल न्या. बाबांना फुलपँट आणि बंद बूट लागतील, अर्धी चड्डी-चपला रात्री चालत नाहीत. आईंना साडीच, कुठल्याही रात्री चालते.

स्टार्टर दोनच मागवा आणि वाटून घ्या. बाबांना मासे आवडत असतील तर वेटरला आजचा मासा कोणता ते विचारायला त्यांनाच सांगा, तुम्ही मध्ये बोलू नका. हिंदी समजणारा कुणी ना कुणी असतोच, मागितलात तर तो टेबलाशी येतो.

ऑनलाइन साडेआठ दिसत नसेल तर सव्वाआठ किंवा पावणेनऊ घ्या. तेही नसेल तर मिळेल ती वेळ धरून ठेवा आणि सोमवारी चढल्या चढल्या रेस्टॉरंटच्या दारात जाऊन बदलून मागा, अशी अदलाबदल पहिल्या दुपारी सहज होते.