जिवंत मुलासाठी शोक करणे हा त्याच्यावर अन्याय आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मनाविरुद्ध लहानसे काही घडले तरी तो वस्तू फोडतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो आणि कधी कधी माझ्याही अंगावर धावून येतो. बालमानसोपचारतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत, त्यामुळे औषधांविषयी सल्ला नको आहे; प्रश्न माझ्याविषयी आहे.

शाळेचा फोन आला की तो उचलण्याआधीच पोटात गोळा येतो. घरातल्या सुऱ्या आणि कात्र्या कपाटात कुलूपबंद असतात. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी गळ्यातली किल्ली काढून ते कपाट उघडणे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वेगळे आहे, हे घरी पाहुणे आले तरच जाणवेल. पण आता आमच्याकडे कोणी येत नाही. तोंडावर कोणी बोलत नसले, तरी ‘लहानपणीच वळण लावायला हवे होते’ हे माझ्या कानावर पोहोचेल अशा बेताने बोलले जाते.

सर्वांत अवघड गोष्ट अशी की तो माझ्यासमोर बसलेला असताना मला त्याची आठवण येते. मुंग्यांची रांग मोडू नये म्हणून वळसा घालून चालणारा मुलगा मला आठवतो आणि रडू येते. धडधाकट, जिवंत मुलासाठी असा शोक करणे चुकीचे आहे का? आणि हे बोलावे तरी कोणाजवळ?

प्रतिसाद १

ताई, मी समुपदेशक म्हणून काम करते आणि आपल्यासारखे अनेक पालक मला भेटतात. हा शोक मुळीच चुकीचा नाही. माणूस डोळ्यांसमोर असूनही आपल्याला पारखा होतो, अशा वियोगाला अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात ‘ॲम्बिग्युअस लॉस’ असे नाव दिले. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, रडण्याला जागा मिळते आणि एक शेवट असतो. येथे यांतले काहीच नसते, शिवाय मूल पुन्हा पूर्वीसारखे होईल ही आशाही सुटत नाही, त्यामुळे मन एकाच वेळी दोन्हीकडे ओढले जाते. एखादा दिवस शांततेत गेला आणि तो हसून बोलला, तर त्या रात्री आपल्याला अधिक रडू येत असेल, ते याचमुळे.

ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याविषयी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली. आपला एकटेपणा मला त्याच जातीचा वाटतो. आजारी मुलाच्या आईची विचारपूस होते आणि आपल्याला मात्र जाब विचारला जातो. याबद्दल मला मनापासून संताप येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑटिझमचे खापर आईच्या कोरडेपणावर फोडणारे नामवंत तज्ज्ञ होते. ते मत पुढे खोटे ठरले, परंतु तोवर कितीतरी मातांनी तो ठपका निमूटपणे सोसला. तज्ज्ञांची ही गत, तर नातेवाइकांचे शेरे आपण निकाल म्हणून ऐकू नयेत.

प्रतिसाद २

आमच्या मुलीच्या बाबतीत आम्ही या वाटेने गेलो आहोत, म्हणून एका वडिलांच्या बाजूने लिहितो. वरील प्रतिसाद पटला, पण एक भर घालावीशी वाटते. लोक दूर गेले हे खरे असले, तरी दार आपणही लावून घेतो. मुलाची बदनामी होऊ नये म्हणून आपण गप्प राहतो आणि त्या गुप्ततेत घरातली मारहाण सुखेनैव चालू राहते.

इस्रायली मानसशास्त्रज्ञ हाइम ओमर यांनी पालकांसाठी जी अहिंसक प्रतिकाराची पद्धत विकसित केली, तिचा एक आधारच गुप्तता मोडणे हा आहे. पालक काही विश्वासू माणसांना घरातली परिस्थिती स्पष्ट सांगतात आणि मारहाणीचा प्रसंग घडला की त्यांपैकी कोणीतरी मुलाला कळवते की घडले ते मला समजले, तू मला प्रिय आहेस, पण बहिणीला मारणे मी चालू देणार नाही. वाद पेटलेला असताना उत्तर न देता, सगळे शांत झाल्यावर त्या विषयाकडे परतायचे, हेही त्यात आहे. हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावे.

सर्वांना सांगण्याची गरज नाही. आम्ही माझ्या धाकट्या भावाला सांगितले, तेव्हा ‘सल्ला नको, फक्त दर रविवारी फोन कर आणि ती घरात असेल तर तिच्याशीही बोल’ एवढेच मागितले. नेमके काय हवे आहे हे कळले की माणसे घाबरत नाहीत. पत्नीला रडायचे असे आणि मला कामात बुडून जायचे असे. पहिल्यांदा तिसऱ्या माणसासमोर बोललो, तेव्हा कुठे आम्हाला कळले की दोघेही एकच दुःख करत होतो.

प्रतिसाद ३

मी अशाच एका घरातली धाकटी बहीण आहे. आता मोठी झाले आहे, पण आपल्या लिखाणात मुलीचा उल्लेख एका ओळीत आला आणि तिथेच माझे लक्ष अडकले.

तीही भावासाठी शोक करत असेल, फक्त ते म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असे तिला वाटत नसेल, कारण आई आधीच थकलेली दिसते. मी शाळेतल्या अडचणी घरी सांगत नसे, आणि सगळे मला समजूतदार म्हणत. कृपया तिच्या समजूतदारपणावर विसंबू नका. तो चिडला की तिने कोणत्या खोलीत जायचे, कोणाला फोन करायचा, हे शांत वेळी तिच्यासोबत ठरवा. त्या वेळी त्याला आवरायला जाणे हे तिचे काम नाही, हेही तिला शब्दांत सांगा. मुंग्यांची ती आठवणही तिला सांगावी, कारण तो भाऊ बहुधा तिने पाहिलेलाच नाही. आणि ती म्हणाली की मला तो आवडत नाही, तर त्या दिवशी तिची समजूत घालू नका, तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या.