सभेला परवानगी देऊ नका, असं लिहून द्यावं का?

परळचा_सेक्रेटरी

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी परळला राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे (म्हणजे टँकर आणि लिफ्टच्या तक्रारी ऐकायच्या, बाकी अधिकार शून्य). आमच्या नाक्यावर गेल्या आठवड्यात मोठा फ्लेक्स लागला, रविवारी बाजूच्या मैदानात जाहीर सभा. गट कुठला ते लिहीत नाही, इथे राडा नको, पण त्यांच्या वक्त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झालेत, अमक्या लोकांकडून भाजी घेऊ नका, त्यांना घर भाड्याने देऊ नका, असलं सगळं.

आमच्या बिल्डिंगखाली जो भाजीवाला बसतो तो त्या 'अमक्यां'मधलाच. वीसेक वर्षं बसतोय. एरवी रात्री दहापर्यंत असतो, फ्लेक्स लागल्यापासून सातलाच गाडीवर ताडपत्री टाकून निघतो. परवा विचारलं तर म्हणाला काही नाही साहेब, पोरीला बरं नाही. आता पोरीचं गेल्या वर्षी लग्न झालं, भिवंडीला दिली, पाकीट मीच देऊन आलोय.

तर सहा सोसायट्यांनी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचं ठरलंय, 'सदर सभेस परवानगी देण्यात येऊ नये'. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिलीय. मुलगा टीवायला आहे, पॉलिटिक्स घेतलंय, तो म्हणतो बाबा सही करू नका, आज ह्यांची सभा बंद करायला लावलीत तर उद्या हाच अर्ज कोणीतरी आपल्याविरुद्ध देईल. बायको म्हणते सही कर आणि गप जेव. माझे वडील १९८२ च्या गिरणी संपात होते, जमावबंदी हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो, त्यामुळे पेन हातात घेतो आणि परत खिशात ठेवतो. काय करू?

अर्धा_वकील

दोन वर्षं लॉ केलं आणि सोडलं, सल्लापण अर्धाच समजा.

घटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचा हक्क आहे आणि 'शांततेने व विनाशस्त्र' जमायचाही. दोन्हीवर वाजवी निर्बंध घालता येतात, पण वाजवी म्हणजे काय ह्यावरच सगळी कोर्टबाजी. १९७२ ला हिंमतलाल शाह केस झाली अहमदाबादची, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की पोलीस सभेला नियम घालू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे निव्वळ कमिशनरच्या मर्जीवर सोडता येणार नाही. म्हणजे 'आम्हाला हे लोक आवडत नाहीत' एवढ्यावर तुमचा अर्ज फार टिकणार नाही.

आणि श्रेया सिंघल, २०१५. आठवत असेल, बाळासाहेब गेले तेव्हा पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून उचललं होतं, त्यातून ती केस उभी राहिली आणि आयटी कायद्यातलं ६६अ कलम रद्द झालं. त्या निकालात कोर्टाने तीन गोष्टी वेगळ्या केल्यात, चर्चा, मताचा प्रचार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही बोचल्या तरी चालू द्यायच्या, अडवायचं ते तिसरीला.

आता कामाचं सांगतो. फेब्रुवारी २०२३ ला आपल्या मुंबईतल्याच एका सभेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. सभा बंद नाही केली. द्वेषाचं भाषण होणार नाही या अटीवरच परवानगी, आणि पोलिसांनी सभेचं व्हिडिओ शूटिंग करायचं. तर अर्जातली ती 'देण्यात येऊ नये' ओळ काढा आणि हे मागा. वक्त्यावर आधीचे गुन्हे असतील तर एफआयआर नंबर जोडा, त्याला वजन असतं. सह्या किती आहेत ते कोणी मोजत नाही.

जोगेश्वरी_ईस्ट

अर्धा वकील दादा, कायदा बरोबरच सांगितला असेल तुम्ही, पण मला ते शूटिंगचं ऐकून हसू आलं. १९९२-९३ च्या दंगलीत मी अकरा वर्षांची होते. श्रीकृष्ण आयोगाने मेलेल्यांचा आकडा ९०० दिलाय, आमच्या गल्लीसाठी तो आकडा नाहीये, आमच्यासाठी तो समोरच्या खोलीचा दरवाजा आहे जो नंतर दुसऱ्याच माणसांनी उघडला. त्याच्याआधी महिनोन् महिने काय काय ऐकलं होतं ते मला तोंडपाठ आहे अजून, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त वाक्यात 'मारा' हा शब्दच नव्हता. तुमच्या त्या तीन खान्यांपैकी कुठल्या खान्यात टाकणार ती?

सेक्रेटरी काका, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कोणी वाचलीच नाही. सभा अजून झालेली नाहीये. भाजीवाला आत्ताच सातला उठतोय. म्हणजे जे व्हायचं ते नुसत्या फ्लेक्सने झालं, आणि तुम्ही सगळे रविवारच्या भाषणाचं शूटिंग कसं करायचं ते ठरवताय. मी तर सही केली असती.

श्टुटगार्टचा_पावटा

मूळचा मुलुंडचा, बारा वर्षं जर्मनीत. आपल्याकडे लोकांना वाटतं की इथे नाझी टाइप काही दिसलं की लगेच बंदी. चिन्हांपुरतं खरंय, ते वापरणं गुन्हाच आहे. देवाधर्माच्या स्वस्तिकाला तशी मनाई नाही, तरी दिवाळीत दारात रांगोळी काढायच्या आधी बायको शेजारच्या आजींना बोलावून समजावते, चकली दिली की प्रश्न मिटतो.

पण अख्ख्या पक्षावर बंदी हा फार अवघड मामला आहे. १९५२ ला एका नवनाझी पक्षावर आणली, १९५६ ला कम्युनिस्ट पक्षावर, त्यानंतर एकाही पक्षावर नाही. आणि त्या कम्युनिस्टांपैकी काहीजण हिटलरच्या काळात तुरुंगात होते ते परत आत गेले, हे पण लक्षात ठेवा. एनपीडी नावाच्या कट्टर उजव्या पक्षावर दोनदा प्रयत्न झाला. २००३ ला केस कोसळली, कारण पक्षाच्या वरच्या नेत्यांमध्येच सरकारचे खबरे निघाले, मग पक्ष काय बोलतोय आणि खबरी काय बोलतोय हे कोण सांगणार! २०१७ ला घटना कोर्ट म्हणालं की ह्यांचा हेतू घटनेविरुद्ध आहे पण तो साध्य करायची ताकद नाही, सबब बंदी नाही. शेवटी २०२४ ला सहा वर्षांसाठी सरकारी पैसा तोडला. मला ते जास्त पटलं. बोला, पण आमच्या खर्चाने नको.

आचरट_कार्टा

भाजीवाल्याला विचारलं का कोणी, अर्ज द्यायचा का म्हणून?

गिरगाव_१९५०

कार्ट्याने आज पहिल्यांदा शहाणपणाचं काहीतरी लिहिलं.

सेक्रेटरीसाहेब, आम्ही जुनी माणसं, लांबण लावतो, चालवून घ्या. मुंबईतून एक डावं साप्ताहिक निघायचं, मद्रास सरकारने त्याला त्यांच्या राज्यात यायला बंदी केली. १९५० मध्ये रोमेश थापर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवली. मग दिल्लीने काय करावं? पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती, आणि त्यात 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द घातले. तेव्हापासून हे दोन शब्द जो खुर्चीवर बसेल त्याच्या कामाला येतात, पक्ष कुठलाही असो. संघावर बंदी १९४८ ला आली, १९७५ ला आली, १९९२ ला आली. शेवटची, बंदी तपासायला नेमलेल्या ट्रिब्युनलने १९९३ ला टिकू दिली नाही. त्याच वेळी जमाते इस्लामीवर घातलेली पुढे सुप्रीम कोर्टात गेली नि १९९४ ला रद्द झाली, कारण सरकारकडे धड पुरावाच नव्हता. आता जुलै २०२५ ला आपल्या विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक झालं, कडव्या डाव्यांसाठी म्हणे. 'कडवे' कोण ते ठरवणार सरकारच.

फ्लोरा फाउंटनला २१ नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला, १५ माणसं गेली. आज त्याच हुतात्मा चौकात मोर्चा न्यायचा म्हटलात तर पोलीस आझाद मैदानाकडे बोट दाखवतील. आणि उलट बाजूने सांगायचं तर २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा, नाशिकहून चालत आलेली माणसं, पाय फुटलेले, दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच निघून आझाद मैदानात आली. त्यांना ती अट कोणी घातली नव्हती.

जोगेश्वरीच्या ताईंना माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा मीही इथेच होतो.

परळचा_सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

मूळ अर्जावर सही नाही केली. ताई रागावतील, पण वडिलांचा फोटो हॉलमध्येच आहे, नाही झालं. वेगळा अर्ज दिला, अटी, शूटिंग, जुन्या दोन एफआयआरचे नंबर (मुलाने शोधले), सभा सुटल्यावर आमच्या गल्लीत बंदोबस्त. आणि ताईंचं वाचून फ्लेक्सची तक्रार स्वतंत्र केली, त्यावर परवानगीचा नंबरच नव्हता. ठाण्यातल्या साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले, एक 'सभा नको' आणि एक 'सभा अशी अशी', आणि म्हणाले तुम्ही सहा सोसायटीवाले आधी आपसात ठरवून या ना. पोच मात्र दोन्हीवर दिली. आता पाच सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. फ्लेक्स काल उतरला, बांबू अजून तसेच आहेत.

कार्ट्या, तुझं ऐकून भाजीवाल्याला विचारायला गेलो. दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स दाखवल्या. त्याने वाचल्या नाहीत, मेथी निवडत होता. म्हणाला साहेब, माझं नाव कशातच नका टाकू. मी म्हटलं फ्लेक्स गेला आता, रविवारी पोलीसपण असणार, बस बिनधास्त. तर म्हणाला, रविवारी मी नाहीच साहेब, भिवंडीला चाललोय, पोरीला बरं नाही.