कंट्रीतली युद्धाची गाणी: त्यात माणूस आहे की नुसता झेंडा?

स्टीलगिटार:
४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आला की आमच्या टेक्ससात किराणा दुकानापासून बेसबॉलच्या मैदानापर्यंत तीच चारपाच कंट्री (म्हणजे अमेरिकेच्या गावाकडचं लोकप्रिय संगीत) गाणी वाजतात, झेंडा, फौजी, ट्रक, देव, झालं. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय, युद्धावरची चांगली कंट्री गाणी तीच ज्यात एखादा माणूस असतो, ज्यात नुसता देश असतो ती पुढच्या इलेक्शनपर्यंत शिळी होतात. कंट्री गायक जॉनी कॅशने १९६४ मध्ये आयरा हेझवर गायलेलं गाणं घ्या (लिहिलं पीटर ला फार्जने). २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरावर सहा जण झेंडा उभारतानाचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, त्यातला एक हा आयरा, अ‍ॅरिझोनातला पिमा आदिवासी. सहातले तिघं त्याच बेटावर गेले. हा वाचला, तर सरकारने त्याला वॉर बाँड (युद्धाच्या खर्चासाठीचे सरकारी रोखे) खपवायला गावोगाव मिरवला, आणि नंतर कोणी विचारलं नाही. दारू लागली, १९५५ च्या जानेवारीत ३२ व्या वर्षी संपला. पण गाणं सुरू कुठून होतं बघा, लढाईवरून नाही, पिमांच्या शेतीचं पाणी पळवलं तिथून. आणि शेवटी आयरा मरतो तो एका चरातल्या दोन इंच पाण्यात. रेडिओवाले लावेनात तेव्हा कॅशने बिलबोर्ड ह्या संगीतधंद्याच्या मासिकात पानभर जाहिरात देऊन त्यांना विचारलं, तुमच्यात दम आहे की नाही! आता ह्याच्या शेजारी कंट्री गायक टोबी कीथचं २००२ चं, अमेरिकेच्या शत्रूंना लाथा घालायचं गाणं ठेवा आणि सांगा.

आबा_तल्साकर:
टोबीला एका ओळीत निकालात काढलास बाळा. त्याचे वडील फौजेत होते, तिथे एक डोळा गेला, तरी घरावर झेंडा लावणारा माणूस. मार्च २००१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात वारले आणि सहा महिन्यांत न्यूयॉर्कचे टॉवर पडले. बाप असता तर काय म्हणाला असता ह्या भरात पोराने ते लिहिलं, आणि आधी फक्त फौजींपुढे गायचा, रेकॉर्ड करायचं नव्हतंच, मरीन कोअर ह्या अमेरिकन सैन्यदलाच्या प्रमुखांनीच आग्रह धरला म्हणून केलं. मग त्यात माणूस नाही कसा? की रडला तरच माणूस आणि चिडला की प्रचार? इराक-अफगाणिस्तानात जाऊन पोरांसमोर कितीदा गाऊन आलाय तो, घरी बसून झेंडे नाही हलवले त्याने.

मृणाल_के:
आबा, रागाबद्दल काहीच म्हणणं नाही, पण तो राग सोडून दुसरं काही बोललं की काय होतं ते पण लिहा की. १० मार्च २००३, लंडन, इराक युद्ध सुरू व्हायला जेमतेम दहा दिवस, डिक्सी चिक्स ह्या तीन बायकांच्या कंट्री बँडची गायिका नॅटली मेन्स स्टेजवरून म्हणाली की राष्ट्राध्यक्ष बुश आमच्या टेक्ससचा आहे ह्याची लाज वाटते. एक वाक्य! त्यावरून त्यांना असं वाळीत टाकलं की गाणी बंद, लुझियानात सीड्यांवर ट्रॅक्टर फिरवला. आणि गंमत बघा, तेव्हा कंट्री चार्टवर एक नंबरला असलेलं त्यांचं गाणं कशावर होतं, तर व्हिएतनामला गेलेल्या एका पोरावर, जो कॅफेतल्या मुलीला पत्रं लिहितो आणि परत येत नाही. म्हणजे फौजीवरचं गाणं देशभक्तीच्या नावाने बंद केलं 🙄 स्टीलगिटार, माणूस असलेलं गाणं टिकतं म्हणतोस ना, हे आठवड्याभरात गडगडलं.

खडूस_वाचक:
तुम्ही सगळे २००१ च्या पुढेच अडकलात. खरा बाप १९५९ चा, जॉनी हॉर्टनचं न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचं (१८१५, अमेरिकन विरुद्ध इंग्रज) गाणं, सहा आठवडे एक नंबर. लिहिलं आर्कान्साच्या एका मास्तराने, जिमी ड्रिफ्टवूडने, वर्गातल्या पोरांना इतिहास कळावा म्हणून, चाल जुन्या फिडलवरच्या धूनीची. ह्यात तुमचा माणूसही नाही आणि रडणंही नाही, नुसती धमाल, तोफ वितळली म्हणून मगर धरून तिच्यात गोळे भरतात! आता लगेच कोणीतरी येईल इतिहास चुकीचा म्हणत. अहो तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजी घोरपडीने कडा चढतो, त्याचं काय केलं आपण? शाळेत शिकवलं. लोकांच्या गाण्याला जनावर लागतंच.

मृणाल_के:
मगरीबद्दल तक्रार नाही हो, मजा येते. गाण्यात कोण नाहीये ते बघा ना. ८ जानेवारी १८१५ ला अमेरिकन सेनापती जॅक्सनच्या बाजूने मुक्त कृष्णवर्णीयांच्या तुकड्या होत्या, चॉक्टॉ आदिवासी होते, लाफितचे चाचे होते, आणि पोरांच्या डोक्यात राहिली फक्त गावठी गोऱ्या शिकाऱ्यांची फौज. शिवाय गेंटला इंग्रज-अमेरिकन तहावर सह्या आधीच, २४ डिसेंबर १८१४ लाच झालेल्या, बातमी समुद्रावर होती. मास्तरांनी हे पण घालायचं होतं एखाद्या कडव्यात.

खडूस_वाचक:
घातलं असतं तर सहा आठवडे काय, सहा तास वाजलं नसतं 😄

स्टीलगिटार:
आबा, रागाला माझा विरोध नाही, पण त्या गाण्यात बाप दोनतीन ओळींत येतो आणि उरलेल्यात कोणाला कुठे हाणायचं तेच. आणि कंट्री गायक मर्ल हॅगर्ड तर तुमच्याच गोटातला ना? १९७० मध्ये देशाला नावं ठेवणाऱ्यांना दम देणारं गाणं त्याचंच. तोच माणूस २००३ मध्ये डिक्सी चिक्सच्या बाजूने उभा राहिला आणि २००५ मध्ये इराकमधून बाहेर पडा म्हणून गायला.

आबा_तल्साकर:
मर्लला गोटात घेऊ नकोस, तो कोणाच्याच गोटात नव्हता. तो १९७० मध्येही खरा होता आणि २००५ मध्येही. तुम्हा लोकांना दुसरा मर्ल तेवढा आवडतो आणि पहिल्याला तुम्ही अडाणी ठरवता, माझं भांडण त्याच्याशी आहे.

मृणाल_के:
चला, एक तरी बाई आणते मी ह्या धाग्यात. कंट्री गायिका लोरेटा लिन, १९६६ चं गाणं. नवरा व्हिएतनामला गेलाय आणि बायको अंकल सॅमला, म्हणजे अमेरिकन सरकारला, पत्र लिहितेय, की तुला तो हवाय हे कळतं, पण मला जास्त हवाय. देशाला एक वाकडा शब्द नाही त्यात. मग नवरा गेल्याची तार येते. आबा, हे तुमच्या बाजूचं की आमच्या?