वाद्यवृंदाची युवा स्पर्धा: मोझार्ट वाजवावा की मेंडेल्सोन?

श्रोती

नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची असून गेली ९ वर्षे व्हायोलिन शिकत आहे. आमच्या प्रादेशिक वाद्यवृंदाने १८ वर्षांखालील वादकांसाठी स्पर्धा जाहीर केली आहे. पहिली फेरी पाठवलेल्या चित्रमुद्रणावरून होणार आहे. अंतिम फेरी पियानोच्या साथीने तीन परीक्षकांसमोर होईल आणि त्या तिघांपैकी एक स्वतः वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) असतील. विजेत्याला पुढच्या हंगामातील एका मैफलीत याच वाद्यवृंदासोबत कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा, एक भाग वाजवायला मिळेल, आणि बक्षीस म्हणाल तर तेवढेच आहे.

मोझार्टचा ए मेजरमधील पाचवा कॉन्चेर्टो तिने गेल्या वर्षी पूर्ण बसवला असून तो तिचा पाठ आहे. मेंडेल्सोनच्या ई मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भाग सध्या चालू आहे आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला आहे. अवघड रचना निवडली की परीक्षक झुकते माप देतात, असे इतर पालकांकडून वारंवार ऐकते. मी स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नसल्यामुळे यात कितपत तथ्य आहे हे मला ठरवता येत नाही. अशा स्पर्धांचा जवळून अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गजधारी

मी व्हायोलिन शिकवतो आणि माझे विद्यार्थी अशा स्पर्धांना बसत आले आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मोझार्ट सोपा आणि मेंडेल्सोन अवघड ही वर्गवारी बोटांपुरती खरी आहे, कानांपुरती नाही. हा कॉन्चेर्टो १७७५ मधला, मोझार्टच्या १९ व्या वर्षीचा. साथीला तंतुवाद्यांखेरीज फक्त दोन ओबो आणि दोन हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्ये आहेत, त्यामुळे एकल वादकाला आडोसा असा कुठेच मिळत नाही. वाद्यवृंद जलद गतीत सुरुवात करून थांबतो आणि व्हायोलिन येते ते मात्र अडाजिओमध्ये, म्हणजे संथ गतीत, अवघ्या सहा बारांसाठी (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन). त्या सहा बारांत गज किती संथ आणि सलग चालतो, स्वर किती नेमका लागतो आणि मूल श्वास धरून वाजवते आहे की सोडून, हे सगळे परीक्षकांना कळून चुकते. त्यानंतरच्या जलद भागात ते बहुधा आपले पहिले मत ताडून पाहत असतात.

अवघड रचनेला जादा गुण मिळतात हा समज मी तरी खरा ठरलेला पाहिलेला नाही. पेलत नसलेली रचना कशीबशी पार पाडणाऱ्यापेक्षा पेलणारी रचना मोकळेपणाने वाजवणारा पुढे जातो. तरीही मेंडेल्सोन तिला पेलत असेल, तर केवळ सावधगिरी म्हणून मोझार्टकडे वळू नका. जीव नसलेली सावधगिरीही लगेच ऐकू येते.

मुद्रणाविषयी एक सूचना. मोबाइल फोन आवाजाची पातळी आपोआप समान करतो, त्यामुळे हळू आणि मोठ्या आवाजातील सगळे अंतर पुसले जाते. ती सोय बंद करता येत नसेल तर वेगळा ध्वनिमुद्रक मागून आणा. नियमांत सलग, संपादन न केलेले मुद्रण मागितले असेल, तर जोडकाम करण्याचा विचारही नको, कारण जोड कानाला सापडतो.

दुसरे बाक

मी एका वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटात वाजवते आणि अशा विजेत्यांच्या मागे बसून अनेकदा साथ केली आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण प्रश्न थोडा दुसऱ्या बाजूने मांडते. ही स्पर्धा वाद्यवृंदाची आहे. परीक्षक म्हणून बसलेले संचालक मनात एकच हिशेब करत असतात: एका, फार तर दोन तालमींत या मुलीला साठ माणसांसमोर उभे करता येईल का? नुसत्या सफाईवरून याचे उत्तर मिळत नाही. आपल्याभोवती काय वाजते आहे हे तिला ठाऊक आहे का, यावरून ते मिळते.

मेंडेल्सोनचेच उदाहरण घ्या. वाद्यवृंदाचा जेमतेम दीड बार झाला की व्हायोलिन मुख्य सुरावट घेऊन येते, त्यामुळे सगळ्यांना वाटते की ही रचना म्हणजे एकल वादकाचेच राज्य. पण दुसरी, शांत सुरावट येते तेव्हा ती क्लॅरिनेट आणि बासरी वाजवतात, आणि व्हायोलिन आपल्या सर्वांत खालच्या, मोकळ्या जी तारेवर एकच दीर्घ स्वर धरून राहते. म्हणजे तेवढ्या काळापुरती एकल वादकच साऱ्यांचा आधारस्वर झालेली असते. बहुतेक मुले तिथे विश्रांती घेतल्यासारखी वाजवतात. ज्या मुलीला वर सुषिर वाद्ये गात आहेत हे ऐकू येत असते, तिचा तो स्वर त्यांच्या वाक्यासोबत फुलतो आणि ओसरतो. पियानोच्या साथीतही हा फरक लपत नाही.

दुसरी जागा कॅडेन्झाच्या, म्हणजे एकल वादक एकटाच वाजवतो त्या तुकड्याच्या, शेवटची. मेंडेल्सोनने ती भागाच्या अखेरीस न ठेवता मुख्य सुरावट परतण्याच्या आधी ठेवली आणि स्वतः लिहूनही दिली. एकल वादकाचा गज चारही तारांवर उड्या मारत असतो, त्या उड्या थांबत नाहीत, आणि त्यांच्याखालून वाद्यवृंद अगदी हलक्या आवाजात सुरावट घेऊन येतो. तिथे आम्ही तिच्यावर स्वार झालेले असतो, ती आमच्यावर नाही. लय किंचित धावली तरी संचालकांच्या हाती काही उरत नाही. एकच भाग वाजवायचा असल्यामुळे शेवटचा मुद्दाही विचारून ठेवा. मूळ रचनेत पहिला भाग संपल्यावर बासून हे खर्जातले सुषिर वाद्य एक स्वर धरून ठेवतो आणि त्यावरून दुसरा भाग सुरू होतो. तो स्वर अशा वेळी गाळावा लागतो.

जाता जाता सांगते. १८४५ मध्ये लाइपझिगला ही रचना प्रथम सादर झाली तेव्हा एकल वादक होते फर्डिनांड डाव्हिड, जे त्याच वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. मेंडेल्सोन रचना करताना त्यांचा सल्ला घेत असे. तिच्यातील हे सगळे देणेघेणे अकारण आलेले नाही.

साथीदार

मी पियानोवर साथ करतो, तेव्हा माझ्या बाजूचे दोन शब्द. चांगला साथीदार स्पर्धकाच्या चुका सावरतो, आणि अंतिम फेरीत ते हवेच असते. तालमीत मात्र त्याला एखाद दिवशी मुद्दाम न सावरता वाजवायला सांगा. पियानो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर असतो. वाद्यवृंद मंचभर पसरलेला असतो. दहा मीटरवर बसलेल्या वादकाचा स्वर तिच्या कानी सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून ऐकून जुळवणारा वादक हळूहळू मागे पडतो. नजर संचालकांच्या हातावर ठेवण्याची सवय आधीपासून लागायला हवी.

पियानोच्या साथीत वाद्यवृंदाचे लांबलचक भाग बहुधा कापले जातात. कुठून कुठे कापायचे हे साथीदाराच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. तोंडी ठरवलेले ऐन वेळी दोघांपैकी एक हमखास विसरतो.

निकालाविषयीही थोडे लिहितो, कारण पालक त्याला फार मोठे करतात. बेल्जियममधील क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही नंतर वाजवणाऱ्यांना सरासरीने वरचे स्थान मिळाले, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. २०१३ मधील दुसऱ्या एका अभ्यासात लोकांनी आवाज बंद करून केवळ दृश्य पाहिले तेव्हा त्यांना विजेता नुसते ऐकण्यापेक्षा अधिक अचूक ओळखता आला, आणि त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. तेव्हा क्रमांक आला नाही तर ती वाजवण्यात कमी पडली असे धरून चालू नका.

श्रोती

सर्वांचे मनापासून आभार. निवड तिने आणि तिच्या शिक्षकांनी करायची आहे, पण आपले प्रतिसाद मी तिला वाचून दाखवले. कॅडेन्झाविषयीचा परिच्छेद तिने स्वतःहून दोनदा वाचला. मग मी सहज विचारले, की तू तो खालचा जी स्वर धरून ठेवतेस तेव्हा वरची सुरावट कोण वाजवते? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पियानो." आज संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी मागवली आहे.