बाळाच्या शीमध्ये रक्त येतंय, मी दूध-तूप बंद करू का? व्हिक्टोरिया मार्टिन यांचा अभ्यास कुणी वाचलाय का?

ओवीची_आई, नाशिक
माझी लेक नऊ आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते, वजन छान वाढतंय, हसते, पण मागच्या मंगळवारी डायपर बदलताना शेंबडासारख्या चिकट शीमध्ये लाल धागा दिसला, केशराची काडी भिजून पसरते ना अगदी तसा, आणि आता दिवसाआड दिसतोच. माझे तर हातपायच गळाले. डॉक्टरांनी तपासलं, चीर वगैरे नाही म्हणाले, गाईच्या दुधातल्या प्रोटीनचा त्रास असेल, तुम्ही दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं सोडून बघा. आता माझं खाणं म्हणजे तुपातले डिंकाचे लाडू, खीर, शतावरी दुधातून, रात्री पुन्हा कपभर दूध, आणि आई म्हणते हे सोडलंस तर अंगावरचं दूध आटेल. त्यात आम्ही घाई करून एका लॅबमधून बाळाची रक्ताची ॲलर्जी टेस्ट करून आणली, एवढ्याशा हाताला तीन वेळा टोचलं, रिपोर्ट निगेटिव्ह. मग ॲलर्जी आहे की नाही? नेटवर मार्टिन यांचा अमेरिकेतला अभ्यास सापडला, त्यात 17 टक्के बाळांना हे झालं म्हणे. म्हणजे सहात एक? हे कुणी नीट समजावून सांगेल का, मला रात्री झोप नाही.

कोथरूड_ते_बोस्टन
मी इथे आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे (मार्टिन यांच्या नाही) पण त्यांचे पेपर आम्ही वाचतो म्हणून लिहिते. डॉ. मार्टिन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टर आहेत. त्यांच्या टीमने काय केलं, आजारी बाळं गोळा केली नाहीत, जन्मल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला येणारी साधी निरोगी बाळं घेतली आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं, शीचे नमुने जमवत गेले. 2020 साली छापलं तेव्हा 903 बाळांपैकी 153 जणांना डॉक्टरांनी हे निदान दिलेलं होतं, तेच तुझे 17 टक्के. पण त्याच पेपरात पुढे आहे की डोळ्यांना दिसेल असं रक्त फक्त 7 टक्क्यांच्या आसपास बाळांना होतं, बाकीच्यांचं शीच्या केमिकल टेस्टवरच कळलं. त्यामुळे 17 वाचून घाबरू नकोस, कुणाला मोजायचं यावर आकडा बदलतो.

आता रक्ताच्या टेस्टचं. शेंगदाणा खाऊन ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, ती ॲलर्जी आयजीई नावाच्या अँटीबॉडीमुळे होते आणि ती टेस्ट तेवढीच पकडते. तुझ्या बाळाचं असेल तर ते वेगळं, आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तराला सूज येते, तिथे इओसिनोफिल नावाच्या पेशी जमतात आणि अस्तर इतकं नाजूक होतं की शी पुढे सरकतानाच थोडं रक्त येतं. यात आयजीईचा संबंधच नसतो, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टने काहीच ठरत नाही. विनाकारण टोचलं गं तिला, वाईट वाटलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा 2022 चा पेपर. 160 बाळांच्या शीतले जिवाणू महिनोन्महिने बघितले, त्रास चालू असलेल्या बाळांमध्ये क्लॉस्ट्रिडिया गटातले जिवाणू कमी आणि एन्टेरोबॅक्टेरियासी (ई. कोलाय ज्या कुळातला ते) जास्त. आणि तिकडे शिकागोला ॲलर्जीवर संशोधन करणाऱ्या कॅथरीन नॅगलर यांनी आधीच दाखवलं होतं की हेच क्लॉस्ट्रिडिया (धनुर्वातवाले नव्हेत, निरुपद्रवी भाऊबंद) उंदराच्या आतड्यात असले की अस्तर घट्ट राहतं आणि अन्नातलं प्रोटीन रक्तात कमी झिरपतं. 2019 मध्ये तर त्यांनी निरोगी बाळांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिले, ते उंदीर दुधाच्या ॲलर्जीपासून वाचले, ॲलर्जीवाल्या बाळांचे दिले ते नाही वाचले. मात्र यावरून दुकानातलं कुठलंतरी प्रोबायोटिक आणून देऊ नकोस, त्या पुड्यांत सहसा हे जिवाणू नसतातच.

दोन_मुलांची_वैशाली
आम्हाला सगळ्यांनी सांगितलं गाईचं नको तर शेळीचं दूध घे, मी घेतलं, रक्त थांबेना. नंतर कळलं शेळी, म्हैस, गाय, तिन्हीतली प्रोटीनं इतकी सारखी की शरीराला फरक कळत नाही. बिस्किटं आणि ब्रेडची पाकिटंही वाच, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन असं काही असलं तर ते दूधच. आणि माझी खरी चूक सांगते, मी घाबरून दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, तूरडाळ सगळं एकदम सोडलं, पाच महिने भात आणि दुधी, केस गळले, चक्कर यायची, आणि नक्की कशाने झालं होतं ते मला आजही माहीत नाही. एकावेळी एकच सोड.

डॉ_बालरोग_कोल्हापूर
वैशालीताईंनी लिहिलंय ते मी रोज ओपीडीत बघतो. दूध सोडून रक्त थांबलं म्हणजे निदान झालं असं नाही, कारण बऱ्याच बाळांचं ते आपोआपही थांबतं. फिनलंडमध्ये 2006 साली 40 बाळं तपासली होती ज्यांना खरंच रक्त जात होतं, त्यात दुधाची ॲलर्जी निघाली फक्त 18 टक्क्यांना. म्हणून दोन आठवड्यांनी, बाळ बरं असेल तर, आईने दूध परत घेऊन बघायचं. रक्त परत आलं तर निदान पक्कं, नाही आलं तर दूध सुरू ठेवा. घरची मंडळी आता बरं आहे ना मग कशाला परत प्रयोग असं म्हणून हा दुसरा भाग सोडून देतात आणि आई वर्षभर विनाकारण उपाशी राहते. निदान पक्कं झालं तरी बहुतेक बाळांचं हे वर्षाच्या आसपास जातं. मार्टिन यांच्याच पुढच्या अभ्यासात या मुलांना पुढे आयजीईवाली ॲलर्जी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलंय, म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं सुरू करताना तुमच्या डॉक्टरांशी नीट बोला, पण अंडं, शेंगदाणा भीतीपोटी लांबवू नका. लंडनमध्ये गिडिअन लॅक यांनी 640 बाळांवर केलेला अभ्यास 2015 ला आला, लवकर शेंगदाणा खाल्लेल्यांना त्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली.

रक्त वाढलं, बाळ मलूल झालं, हिरवी उलटी, पोट फुगलं, ताप, किंवा थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळतंय असं झालं तर हे काहीही वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आतड्यात आतडं अडकल्यावरही रक्त येतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

मालतीमावशी
ओवीच्या आई, दूध प्यायल्याने अंगावर दूध येतं हे आमच्या वेळीही म्हणायचे, पण बाळ जितकं ओढतं तितकं उतरतं. तू पोटभर जेव आणि पाणी पी. आळिवाचे लाडू तर दुधातुपाशिवायच होतात, आळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव, ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर परत, गोळा व्हायला लागला की उतरव. खीर नारळाच्या दुधात कर. नाचणीची भाकरी रोज, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, सोबत तिळाची चटणी. तरी कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारून घेच. तुपातही किंचित प्रोटीन उरतं म्हणून हे दोन आठवडे डिंक तेलात तळ.

ओवीची_आई, नाशिक
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, आईला मावशींचं वाचून दाखवलं आणि तिने त्याच दिवशी नारळ फोडला. पाचव्या दिवशी धागा दिसला, मग नाही. आज सोळावा दिवस, डॉक्टरांना विचारून दुपारी वाटीभर दही खाल्लंय. प्रत्येक डायपर खिडकीशी नेऊन उजेडात बघतेय, तीन दिवसांनी इथेच लिहिते.