तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच
विश्वास पक्का असेल तर प्रार्थनेनंतर भीती उरतच नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. आधीच घाबरलेल्या माणसावर त्याने अपराधीपणाचं ओझं पडतं. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, तुरुंगातून लिहिलं, आणि पुढे आश्वासन दिलं ते मागणं पुरवण्याचं नव्हे, देवाची शांती अंतःकरण राखेल याचं.

बाबांच्या आजारपणात मला आधार दिला तो बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या, ८८व्या स्तोत्राने. १३व्यातली तक्रार शेवटी गाण्याकडे वळते. ८८वं मात्र अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. रात्री छाती धडधडायची, शब्द सुचत नसत, तेव्हा मी तेच मोठ्याने वाचायचे. धडधड लगेच थांबायची नाही, पण देवापासून काही लपवायचं नाही एवढ्याने जीव हलका व्हायचा. डॉक्टरांच्या गोळ्याही चालूच होत्या. त्यात अविश्वास कसला?