ग्लायडर स्पर्धा: विंच हवी की नाकात मोटर?

पश्चिमवारा (धागालेखक)

रेडिओ कंट्रोल ग्लायडरच्या स्पर्धांत विमान वर कसं न्यायचं, यावरून आमच्याकडे ओहायो-इंडियानात अजूनही दोन तट आहेत. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विंच म्हणजे गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, गाडीचाच स्टार्टर मोटर आणि त्यावर दोरी गुंडाळणारा ड्रम. दोरी वाऱ्याच्या दिशेने दूर ठोकलेल्या पुलीला वळसा घालून परत येते, तिच्या टोकाची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायची आणि पायाने पेडल दाबायचं. दुसरी पद्धत नव्या काळातली. ग्लायडरच्या नाकात छोटी मोटर आणि मागे दुमडणारा पंखा असतो. वर जायचं, मोटर बंद करायची, पुढे सगळा खेळ हवेचा.

माझं मत स्पष्ट आहे. थर्मल, म्हणजे वर उठणारी गरम हवा, शोधण्याच्या स्पर्धेत मोटरच हवी, पण एफ५जे या मोटरवाल्या ग्लायडरच्या स्पर्धावर्गाच्या नियमाने. त्या वर्गात मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालते, आणि मोटर बंद झाल्यावरच्या १० सेकंदांपर्यंत गाठलेली सर्वांत जास्त उंची विमानातलं यंत्र नोंदवतं. २०० मीटरपर्यंत प्रत्येक मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्यावर प्रत्येक मीटरला ३ गुण. हवेतल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण, अचूक उतरण्याचे जास्तीत जास्त ५०. म्हणजे दोघांनी पूर्ण १० मिनिटं काढली, दोघेही खुणेवर उतरले, पण एक ४० मीटरवरून सुरू झाला आणि दुसरा १८०वरून, तर पहिला ७० गुणांनी पुढे.

या एका नियमाने खेळाचा जीव परत आणला. मोटर सुरू करण्याआधी माणूस आता खरोखर हवा वाचतो. काठीला बांधलेली फीत कुठे वळली, गालावरचा वारा अचानक गरम का झाला, कापलेल्या गवतावर पाकोळ्या कुठे घिरट्या घालताहेत, हे बघून तो ठरवतो की आज ४० मीटर पुरेत. विंचवर हे ठरवावंच लागत नाही. सगळे भरपूर उंचीवर सुटतात आणि चुकलेला अंदाज त्या उंचीत लपून जातो.

अमेरिकेत चालणारा एएलईएस हा मोटरचा दुसरा वर्ग मला याच कारणाने पटत नाही. तिथे २०० मीटरला किंवा ३० सेकंदांनी मोटर आपोआप बंद होते. ती विंचचीच नक्कल झाली.

दोरखंड

असहमत, आणि मनापासून असहमत.

विंचवर ठरवावं लागत नाही हे वाक्य ज्याने विंच नीट उडवली आहे तो लिहिणार नाही. पेडल दाबून धरायचं नसतं, टपटप टपटप मारायचं असतं. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप थोडे खाली, दोरी ताणलेली, पंख कमानीसारखे वाकलेले, आणि दोरीचा सूर कानाला सांगतो की आता थांब. वर पोचलं की नाक खाली, विमान झेपावतं, दोरीत साठलेला ताण वेगात उतरतो, मग एकदम वर खेचायचं आणि सुटायचं. या एका झेपेत किती जास्तीची उंची मिळते ते दोन वैमानिक शेजारी शेजारी उभे करून बघा. शिवाय वर जाताना दोरी एकदम घट्ट झाली तर ती वर उठणारी हवा असते. म्हणजे दोरीसुद्धा हवा वाचून दाखवते. मोटरमध्ये एक बटण आहे.

दुसरं, दोरीवरची उंची फुकट होती हे चूक. एफ३जे या विंचऐवजी माणसांनी दोरी ओढायच्या वर्गात दोन माणसं १५० मीटरची दोरी घेऊन धावतात. १० मिनिटांचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं आणि तुमचा वेळ मोजला जातो दोरी सुटल्यापासून. दोरीवर घालवलेला प्रत्येक सेकंद गेला. म्हणून मोठे वैमानिक लवकर सुटत. किंमत तिथेही होतीच.

पश्चिमवारा

दोरखंड, एफ३जेचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मूळ लेखात घ्यायला हवा होता. पण हिशेब करा. दोरीवर दोन सेकंद कमी घालवले तर दोन गुण. एफ५जेत १५० मीटरचा फरक म्हणजे ७५ गुण. दोन गुणांसाठी कोणी आपली सुरक्षित उंची सोडत नाही, ७५ गुणांसाठी सोडतो. खालून सुरुवात करायचं धाडस तिथूनच आलं.

झेपेचं कौशल्य मी नाकारत नाही. मला ते बघायला आजही आवडतं. माझं म्हणणं इतकंच की थर्मलच्या स्पर्धेचा निकाल त्यावर ठरू नये.

हडपसरकर

मी पुण्याचा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये खरी, माणूस बसणारी ग्लायडर विंचने वर जाताना बघत मोठा झालो, त्यामुळे दोरीचं प्रेम मला शिकवू नका. तरी मत पश्चिमवाऱ्याला.

कारण जागा. विंच मांडायची तर वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब मोकळी पट्टी हवी, आणि त्या पट्टीवरून ना गुरं जायला हवीत ना क्रिकेट खेळणारी पोरं. ताणलेली बारीक दोरी पायाला किंवा बोटांना कापते, ती लांबून दिसतसुद्धा नाही. वारा फिरला की सगळं उचलून पुन्हा मांडा. आमच्याकडे एखादा शाळकरी मुलगा रविवारी सकाळी एकटा मैदानावर येऊन सराव करू शकतो तो फक्त मोटरमुळे. एनसीसीच्या एअर विंगमधून एरोमॉडेलिंगची गोडी लागलेली कितीतरी मुलं पुढे सोडून देतात, कारण एकट्याने करण्यासारखं काही उरत नाही.

आणखी एक. आपल्या २०२१च्या ड्रोन नियमांत हरित क्षेत्राची, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागाची, उंची ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. चांगली विंच विमानाला सुटतानाच त्याच्या वर नेते. थर्मलमध्ये चढतानाही लक्ष ठेवावं लागतंच, पण निदान सुरुवात तरी मर्यादेत होते.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. तुम्ही सगळे एकाच प्रकारच्या स्पर्धेबद्दल बोलताय. एफ३बीमधून विंच काढली तर तो खेळच उरणार नाही. तिथे एकाच विमानाने तीन कामं करायची: वेळ काढणं, ४ मिनिटांत १५० मीटरच्या जास्तीत जास्त फेऱ्या, आणि त्याच अंतराच्या चार फेऱ्या शक्य तितक्या वेगाने. वेगाच्या फेरीत वर मिळालेली उंची हाच तुमचा इंधनसाठा. चांगले वैमानिक ते ६०० मीटर २० सेकंदांच्या आत कापतात. तो दोरीवरचा ताण सोसायला पंखाचा कणा कार्बनचा आणि दणकट लागतो, आणि मग त्या कण्याच्या जोरावर पुढचं वळणही तितकंच कडक घेता येतं.

कुणाची विंच ताकदवान, हा प्रश्नही तिथे सोडवलेला आहे. बॅटरी, तारा, मोटर धरून विंचचा एकूण रोध किमान २३ मिलीओहम असावा लागतो, पुली २०० मीटरपेक्षा लांब नको. मोजतात, आणि नापास झाली तर वापरू देत नाहीत. याउलट एफ५जेचं यंत्र हवेचा दाब मोजून उंची सांगतं. ते विमानाच्या पोटात नेमकं कुठे बसवलंय, हवा आत कुठून शिरते, यावर त्याचा आकडा हलतो. अर्ध्या गुणाला भांडणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

टेलविंड

दोरखंड यांना +१. तांत्रिक मुद्दे तुम्ही लोकांनी मांडलेच आहेत, मला माणसांबद्दल बोलायचंय. एफ३जेत दोरी ओढणारे दोघे, वेळ सांगणारा एक, हवा बघणारा एक. नवीन आलेला मुलगा आधी वर्षभर दोरी ओढायचा आणि त्या धावण्यातून शिकायचा की आपला वैमानिक कधी सुटतो, का सुटतो. मोटर आल्यापासून माझ्या क्लबात लोक येतात, आपापलं विमान उडवतात, जातात. स्पर्धा चांगल्या होतात, पण क्लब पातळ झाला.

हडपसरकर

टेलविंड, तुमची खंत समजते. पण दोरी ओढायला चार माणसं जमली नाहीत म्हणून ज्या गावात कधी स्पर्धाच झाली नाही, तिथे क्लब मुळात उभाच राहिला नाही. माझं गाव त्यातलं. एफ५जेची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली स्लोव्हाकियात त्रनावाला झाली, तेव्हा तिचे निकाल आम्ही इथे बसून फेरीगणिक बघत होतो, कारण तो खेळ आम्हालाही खेळता येतो.

दोरखंड

पश्चिमवारा, ७५ गुणांच्या हिशेबावर शेवटचं बोलतो. तुमचा नियम मंद वाऱ्याच्या दिवशी सुंदर चालतो, हे मान्य. पण त्या नियमामुळे विमानं किती हलकी झाली ते बघा. ४ मीटरचा पंख आणि वजन सव्वा किलोच्या आसपास. जोराचा वारा सुटला की ४० मीटरवर थर्मल पकडणारा त्या थर्मलसोबत मैदानापलीकडे वाहत जातो आणि परत येताना शेतात उतरतो. मोटर पुन्हा सुरू केली तर ती फेरी शून्य. मग सगळेच विमानात वजन भरतात, सगळेच दीडशेच्या वर जातात आणि सगळ्यांचे सारखेच गुण कापले जातात. त्या दिवशी खेळ परत मूळ जागी येतो, फक्त पंख वाकतील म्हणून कोणी जोरात वळत नाही. दोरीवर वाढलेलं सव्वादोन किलोचं विमान अशा वाऱ्यात नाक खाली करून सरळ घरी येतं. तुमच्या उंचीच्या नियमाला माझा विरोध नाही. तोच नियम, पण विमानाचं किमान वजन ठरवून एक मोसम उडवून बघा, आणि वाऱ्याच्या दिवसांचे निकाल इथे टाका.